खराटा व गाडगे
श्री गाडगे महाराज यांचे अल्पचरित्र

भडगावच्या वाचकांस गिरणा नदीचा परिचय करून देण्याचे कारण नाही. सह्याद्रीत उगम पावून मालेगावावरून खाली येणारी ही नदी भडगावाजवळून वाहत जाते व पुढे जळगाव जिल्ह्यातच तापीस मिळते. १८७२ साली तिला जो महापूर आला त्याने भडगावाची मोठी हानी केली. पुराचे पाणी घरात शिरताना घरधन्याची जात विचारीत नाही, व त्याची श्रीमंतीही पाहत नाही. अशा प्रसंगी माणूस माणसाच्या हाकेला धावतो, दोर टाकतो, भाकरी वाटून खातो. संकट सर्वांचे आहे हे सर्वांस डोळ्यांनी दिसते म्हणूनच असे घडते. परंतु पूर ओसरला, चिखल वाळला व दिवस पूर्ववत चालू लागले म्हणजे काय होते? नदीकाठची घाण, तुंबलेले गटार, पाणवठ्यावरचा निसरडा चिखल, सावकाराच्या वहीत बुडालेला शेजारी, शाळेबाहेर गुरांमागे हिंडणारा पोर, ही संकटेही साऱ्या गावाचीच असतात. तरी ती रोजची असल्यामुळे कोणास दिसत नाहीत, व दिसली तरी ते काम आपले नव्हे असे प्रत्येक जण मनाशी म्हणतो. ह्या रोजच्या संकटांस ज्याने महापुराइतकेच खरे मानले अशा एका निरक्षर मनुष्याचे चरित्र आज वाचकांपुढे ठेवावयाचे आहे.

आपली गिरणा ज्या तापीस मिळते, त्याच तापीस पूर्वेकडून वऱ्हाडातील पूर्णा नदी चांगदेवाजवळ येऊन मिळते. ह्या पूर्णेच्या खोऱ्यात, अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव ह्या खेड्यात, ता. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी डेबूजी झिंगराजी जाणोरकर ह्याचा जन्म झाला. जातीने हे घराणे परिटाचे. पित्याचे नाव झिंगराजी व मातेचे सखूबाई. घरी शेती होती, गुरे होती, आणि कष्ट करणारी माणसे होती. असे घर सुखात नांदावयास हरकत नव्हती. परंतु झिंगराजीस दारूचे व्यसन जडले. त्या काळी देवकार्य असो, लग्न असो, बारसे असो, बकरे व दारू ह्यांवाचून ते पुरे होत नसे. जो पाजील तो थोर, व जो न पाजील तो कृपण, अशी समजूत होती. ह्या समजुतीपायी झिंगराजीचे शेत गेले, गुरे गेली, व शेवटी शरीरही गेले. १८८४ साली तो मरण पावला, तेव्हा डेबू आठ वर्षांचा होता.

विधवा सखूबाई मुलास घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे आपल्या माहेरी राहावयास गेली. आजोळच्या घरी डेबूने आयत्या भाकरीची आशा धरिली नाही. गुरे राखणे, गोठा झाडणे, शेण काढणे, पुढे वय वाढल्यावर नांगर धरणे, पेरणी व कापणी करणे ही सर्व कामे तो मन लावून करी. गुरांच्या अंगावर चिखल दिसता कामा नये, गोठ्यात शेण साचता कामा नये, हा त्याचा लहानपणापासूनचा कटाक्ष होता. शाळेचे तोंड मात्र त्याने पाहिले नाही. त्या काळी खेड्यातल्या परिटाच्या पोरास शाळेत घालावे असे कोणाच्या मनातही येत नसे.

ह्या अडाणीपणाची किंमत त्या घरास लवकरच मोजावी लागली. डेबूचा मामा चंद्रभान हा मेहनती व सरळ मनाचा शेतकरी होता. अडीअडचणीस त्याने सावकाराकडून पैसे घेतले, व सावकाराने पुढे केलेल्या कागदांवर विश्वासाने अंगठे उमटविले. कागदात काय लिहिले आहे हे घरातील कोणासच वाचता येत नव्हते. दिले किती, फिटले किती व उरले किती ह्याचा हिशोब एका सावकारास ठाऊक. व्हावयाचे तेच झाले. जमीन हातची जाण्याची वेळ आली, व ह्या धक्क्याने मामाने प्राण सोडला. सावकाराची माणसे शेताचा ताबा घ्यावयास आली तेव्हा तरुण डेबू त्यांच्या आड उभा राहिला असे त्याची चरित्रे सांगतात. परंतु एका माणसाच्या बळाने कागदाचे बळ हटत नाही, हे त्यास त्या दिवसांत पुरते कळून चुकले. बापास दारूने नेले व मामास अक्षरशत्रुत्वाने नेले. पुढे पन्नास वर्षे हा मनुष्य गावोगाव जे सांगत फिरला, त्याचे मूळ कोणत्या ग्रंथात नाही. ते ह्या दोन मृत्यूंत आहे.

१८९२ साली डेबूजीचे लग्न झाले. पत्नीचे नाव कुंताबाई. यथाकाल पहिली मुलगी झाली, व बारशाचा दिवस आला. जातीच्या रीतीप्रमाणे पाहुण्यांस मटण व दारू द्यावयाची होती. डेबूजीने पानावर गोडधोड वाढिले. आलेली मंडळी रागावली, नाक मुरडू लागली, रीत मोडली म्हणून त्यास बोल लावू लागली. प्रिय वाचकहो, खेड्यात राहणाऱ्यांस हे सांगावयास नको की, सरकारशी भांडणे एक वेळ सोपे, परंतु आपल्याच भाऊबंदांपुढे आपल्याच अंगणात रीत मोडणे फार कठीण. डेबूजीने ते केले, व बापाच्या मरणाचा धडा तो विसरला नाही हे दाखवून दिले.

पुढे ता. १ फेब्रुवारी १९०५ रोजी, पहाट होण्यापूर्वी, डेबूजीने घर सोडिले. तेव्हा त्याचे वय अठ्ठावीस वर्षांचे होते. मागे म्हातारी आई, पत्नी व लहान मुले राहिली. अंगावर चिंध्यांचे वस्त्र, हाती काठी व बरोबर एक मातीचे गाडगे, एवढाच संसार त्याने संगे घेतला. घर सोडून जाणारे बैरागी आपल्या देशात पुष्कळ झाले आहेत. कोणी डोंगरात गेले, कोणी तीर्थास गेले, कोणी मठ बांधून बसले. डेबूजी मात्र घर सोडून पुन्हा खेड्यांतच आला. त्याने जंगल धरिले नाही, मौन धरिले नाही, कोणास शिष्य केले नाही, व कोणास आपल्या पाया पडू दिले नाही.

बारा वर्षे हा मनुष्य पायी हिंडला. वाटेत कोणा शेतकऱ्याची गाडी चिखलात रुतलेली दिसली तर खांदा लावी. कोणाचे लाकूड फोडावयाचे असले तर कुऱ्हाड घेई, व काम संपले म्हणजे भाकरीचा तुकडा मागून पुढे चालू लागे. पुष्कळ ठिकाणी त्यास वेडा समजून हाकलून देत. कित्येक जागी चोर समजून त्याजवर संशय घेत. मिळालेली भाकरी व कालवण त्याच गाडग्यात घेऊन तो खाई, व पाणीही त्यातूनच पिई. ह्या गाडग्यावरून लोक त्यास गाडगेबाबा म्हणू लागले, व चिंध्यांच्या गोधडीवरून कित्येक ठिकाणी गोधडेबाबा म्हणत. नाव कोणी काही ठेवो, त्यांनी स्वतः कोणतेही नाव मागितले नाही.

त्यांच्या कार्याची रीत फार साधी होती. गावात शिरल्यावर प्रथम ते खराटा हाती घेत व गावातली वाट झाडू लागत. गटार तुंबले असेल तर ते मोकळे करीत, व पाणवठ्यावर घाण असेल तर ती उचलीत. गावकरी प्रथम दुरून पाहत. काही हसत. दुपार होईपर्यंत एखाददुसऱ्या तरुणास लाज वाटे, की परगावचा हा चिंध्या नेसलेला मनुष्य आपली घाण काढतो आणि आपण ओट्यावर बसून पाहतो. तो उठून घरचा खराटा आणी. मग दुसरा येई, मग चौघे येत. संध्याकाळपर्यंत गाव झाडून लख्ख होई. रात्री त्याच झाडलेल्या जागेवर बाबांचे कीर्तन होई, आणि दुसऱ्या दिवशी लोक उठून पाहतात तो बाबा निघून गेलेले असत. मानपान, हार, मिरवणूक ह्यांस त्यांनी आपल्या मागे लागू दिले नाही.

ह्या खराट्यात काय होते ते नीट समजून घेतले पाहिजे. आपल्या देशात झाडलोटीचे व घाण उचलण्याचे काम जन्माने काही जातींच्या माथी मारले गेले होते. ज्याने गाव स्वच्छ ठेवावे त्यासच गावाबाहेर राहावे लागे, आणि जो घाण करी तो स्वतःस शुद्ध म्हणवी. ही उलटी रीत चुकीची आहे असे व्याख्यानातून सांगणारे विद्वान त्या काळी होते. परंतु गाडगेबाबांनी प्रथम खराटा धरिला व मागाहून तोंड उघडले. पाटलाच्या दारापुढची वाट कोणी झाडावी हा प्रश्न त्यांनी वादात घातला नाही. ती झाडून टाकली. ज्याच्या हाती एकदा खराटा आला, त्यास दुसऱ्याच्या हातचा खराटा हलका मानणे अवघड जाते.

पूर्णेच्या काठी ऋणमोचन नावाचे तीर्थ आहे. तेथे स्नान केल्याने मनुष्य ऋणातून मुक्त होतो अशी लोकांची श्रद्धा असून, पौष महिन्यातील रविवारी तेथे मोठी यात्रा भरते. पूर्वी नदीच्या काठाशी फार चिखल असे. म्हातारी माणसे, पोर कडेवर घेतलेल्या बाया घसरून पडत. दरवर्षी लोक पडत, आणि दरवर्षी पुढचे लोक त्याच वाटेने जात. बाबांनी तेथे वाट करावयास आरंभ केला. यात्रेकरू हातभार लावू लागले, व १९०८ च्या सुमारास तेथे घाट उभा राहिला. पुढे त्याच ऋणमोचनास अंध, पंगू व निराधार लोकांस अन्नवस्त्र देण्याचा क्रम त्यांनी सुरू केला. ज्याच्या मामास कर्जाने मारिले, त्याने ऋणमोचनाच्या घाटावर उभे राहून लोकांस हेच समजाविले की, नदीत बुडी मारल्याने सावकाराचे देणे फिटत नाही. सण, लग्न वा यात्रा ह्यांसाठी कर्ज काढूच नये, हाच खरा उपाय आहे.

त्यांचे कीर्तन हे इतर कीर्तनांसारखे नव्हते. ते पुराणातली कथा लावून सांगत बसत नसत. समोर बसलेल्या शेतकऱ्यांस, मजुरांस व बायाबापड्यांस ते वऱ्हाडी बोलीत एकामागून एक प्रश्न विचारीत, व लोकांच्याच तोंडून उत्तर काढून घेत. दारू पिऊन कोणाचे घर वर आले, नवसाला बकरे कापून कोणाचा मुलगा वाचला, अस्पृश्य म्हणून ज्यास दूर बसविता तो तुमच्याहून कोणत्या अवयवाने निराळा आहे, मुलास शाळेत का घालीत नाही, अशी ती विचारणा असे. लोक हसत, पण हसता हसता गप्प होत. जेवणाचे ताट मोडावे लागले तरी मोडावे, हातावर भाकरी घेऊन खावी, बायकोस लुगडे कमी किमतीचे घ्यावे, परंतु मुलास शिकविल्यावाचून राहू नये, असा त्यांचा आग्रह असे. स्वतः अक्षर न ओळखणाऱ्या माणसाने अक्षरासाठी इतकी तळमळ दाखविली, ह्याचे कारण त्याने कोऱ्या कागदावरचा अंगठा काय करितो ते घरात पाहिले होते.

आता त्यांच्या कार्यातील ज्या भागाने असंख्य गरिबांच्या पाठीस टेकू मिळाला, तो भाग सांगावयाचा आहे. पंढरपुरास आषाढी व कार्तिकीस लक्षावधी वारकरी जातात. त्यांत महार, मांग, चांभार आदी जातींचे लोकही पिढ्यान् पिढ्या पायी जात आले. परंतु तेथे पोहोचल्यावर त्यांस मंदिरात प्रवेश नसे, व धर्मशाळेत पाय ठेवू देत नसत. पावसापाण्यात, वाळवंटात वा रस्त्याच्या कडेस त्यांनी रात्री काढाव्या, असा क्रम होता. चोखामेळा हा संत स्वतः महार होता व त्याची समाधी देवळाच्या महाद्वाराबाहेर आहे. त्याचे अभंग सर्वांनी गावे, आणि त्याच्या जातीच्या माणसाने मात्र पावसात भिजावे, ह्यातली विसंगती सर्वांच्या डोळ्यांपुढे होती. गाडगेबाबांनी १९१७ पासून पुढच्या काही वर्षांत पंढरपुरास अस्पृश्य मानलेल्या यात्रेकरूंसाठी चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा उभी केली. पंढरपूरचे मंदिर सर्वांस खुले झाले ते १९४७ साली, आपल्या खानदेशात अमळनेरास शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी त्या वर्षीच्या मे महिन्यात तेथे प्राणांतिक उपोषण केल्यावर. म्हणजे देवाचे दार उघडण्याच्या सुमारे पाव शतक आधी एका परिटाने त्या लोकांच्या डोक्यावर छप्पर घातले होते. पुढे १९४९ साली बाबांनी ही वास्तू डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या शिक्षणसंस्थेच्या हवाली केली. ज्या समाजासाठी ती बांधली होती, त्याच्याच मुलांच्या शिक्षणाच्या कामी ती यावी, ह्याहून योग्य व्यवस्था कोणती असू शकेल?

पंढरपुराखेरीज नाशिक, आळंदी, देहू इत्यादी ठिकाणीही त्यांनी धर्मशाळा बांधविल्या. मूर्तिजापुरास त्यांनी गोरक्षणाचे काम केले, व धर्मशाळा आणि विद्यालय उभारिले. मुंबईस जे. जे. रुग्णालयात खेड्यापाड्यांतून रोगी येत. रोग्यास खाट मिळे, परंतु त्याच्या सोबत आलेल्या आईबापांनी व भावाबहिणींनी राहावे कोठे, हा विचार कोणी केला नव्हता. ती माणसे रस्त्यावर चूल मांडीत. बाबांनी १९५४ साली त्या रुग्णालयाजवळ धर्मशाळा बांधविली. ज्याने स्वतः रस्त्यावर रात्री काढिल्या आहेत, त्यासच असे कोपरे दिसतात. त्यांच्या मागे मुंबईत दादर येथेही त्यांच्या नावाची धर्मशाळा झाली असून, दूरदूरच्या कर्करोग्यांस व त्यांच्या नातलगांस तिचा आधार होत आला आहे.

एवढ्या इमारती उभ्या राहिल्या त्या कोणाच्या पैशाने? काही धनिकांनी मोठ्या रकमा दिल्या हे खरे. परंतु कीर्तनास बसणारे बहुतेक लोक शेतकरी, हमाल, गिरणीकामगार व मजूर होते. त्यांनी पै पैसा, आणा दोन आणे दिले, व ज्यांजवळ तेवढेही नव्हते त्यांनी दगड, माती वाहून दिली. बाबा स्वतः पैशास हात लावीत नसत. प्रत्येक संस्थेचा कारभार विश्वस्तांकडे सोपवून ते मोकळे होत, व आपल्या नातलगांचा तिजवर हक्क पोहोचणार नाही अशी तजवीज करीत. ज्या धर्मशाळेत हजारो लोक निजत, तिच्या बांधणाऱ्याने स्वतः बाहेर उघड्यावर भाकरी खावी व तेथेच अंग टाकावे, हा त्यांचा परिपाठ होता. आपण पुष्कळदा पाहतो की, एखादा मनुष्य गावासाठी विहीर बांधतो व मग त्या विहिरीवर त्याच्याच घरची सत्ता चालते. असे उपकार गावास जड होतात. गाडगेबाबांच्या कामाचे ओझे कोणास झाले नाही, कारण काम झाल्यावर ते तेथे उरतच नसत. मागे राहिलेली वस्तू गावाची होई.

परंतु ह्या चरित्राची दुसरी बाजू झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. बाबांच्या त्यागाची किंमत एकट्या बाबांनी दिली नाही. त्यांच्या वृद्ध मातेस व कुंताबाईस फार हलाखीत दिवस काढावे लागले. लोकांसाठी मोठमोठ्या धर्मशाळा उभ्या राहत असता बाबांच्या घरची माणसे झोपडीत राहिली. आपल्या माणसांस संस्थेच्या छपराखाली घेतले तर उद्या लोक संस्थेस आपली न मानता गाडग्यांची मानतील, हा बाबांचा विचार होता. विचार खरा, परंतु त्याचा भार एका स्त्रीने आयुष्यभर वाहिला. १९२३ च्या मे महिन्यात बाबा कोकणात खारेपाटण येथे कीर्तन करीत असता त्यांचा मुलगा गोविंद मरण पावल्याची बातमी तेथे येऊन पोहोचली. बाबांनी क्षणभर थांबून पुन्हा कीर्तन पुढे चालविले. पुष्कळ लोक ह्या प्रसंगाची धैर्याचे उदाहरण म्हणून प्रशंसा करितात. ती करावी. परंतु ती करिताना त्या मुलाच्या आईचेही स्मरण ठेवावे. कुंताबाईचे नाव कोणत्या घाटावर वा धर्मशाळेवर शोधीत जाणारे थोडे. तरी त्या सर्व दगडांखाली तिच्या उपासाचाही एक थर आहे, असे आम्हांस वाटते. लोकसेवा करणाऱ्याच्या घरी जे मुकाट्याने सोसतात, त्यांचे ऋण गावाने मानिले पाहिजे.

आयुष्याच्या उत्तरार्धात बाबांचा मोठमोठ्या पुरुषांशी स्नेह जडला. साताऱ्याचे कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढून गरिबांच्या मुलांस शिक्षण देण्याचे जे काम आरंभिले होते, त्यास बाबांचा मनापासून पाठिंबा होता. कऱ्हाड येथे १९५४ साली रयत संस्थेने जे महाविद्यालय काढिले त्यास सद्गुरू गाडगे महाराजांचेच नाव देण्यात आले. शाळेची पायरी न चढलेल्या मनुष्याचे नाव महाविद्यालयाच्या दारावर लागावे, हे विलक्षण खरे, परंतु अयोग्य मुळीच नव्हे. १९५२ साली श्री गाडगे महाराज मिशन ह्या संस्थेची स्थापना होऊन त्यांच्या पसरलेल्या कामास एक घडी आली, व तिच्या द्वारे पुढे आश्रमशाळा, वसतिगृहे व धर्मशाळा चालविल्या गेल्या. त्याच सुमारास प्रबोधनकार ठाकरे यांनी त्यांचे चरित्रही लिहून प्रसिद्ध केले.

थोरांच्या सहवासात बाबांचा वेष बदलला नाही, की सवय बदलली नाही. वय सत्तरीच्या पुढे गेले, शरीर थकले, तरी प्रवास व कीर्तन चालूच होते. १९५६ च्या नोव्हेंबर महिन्यात मुंबईस वांद्रे येथे पोलिसांपुढे त्यांनी जे कीर्तन केले ते त्यांचे अखेरचे होय. ते ध्वनिमुद्रित झाल्यामुळे त्यांचा आवाज आजही ऐकावयास मिळतो. त्याच वर्षी ता. ६ डिसेंबर रोजी डॉ. आंबेडकर निवर्तले. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, ता. २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीकडे नेत असता वाटेत वलगावाजवळ पेढी नदीच्या पुलाशी गाडगेबाबांनी देह ठेविला. वय ऐंशी वर्षांचे होते. अमरावतीस ज्या ठिकाणी त्यांची समाधी आहे त्या वस्तीस आज गाडगेनगर म्हणतात.

त्यांच्या पश्चात सन्मान पुष्कळ झाले. महाराष्ट्र शासनाने २००० साली त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले, व त्यात राज्यातील हजारो गावांनी भाग घेतला. अमरावतीच्या विद्यापीठास त्यांचे नाव मिळाले. बाबा हयात असते तर ह्या सन्मानांचे त्यांस काय वाटले असते ते सांगता येत नाही. परंतु अभियानाच्या तपासणीच्या दिवशी झाडलेली वाट दुसऱ्या आठवड्यात पुन्हा घाण झालेली पाहून त्यांनी न बोलता खराटा उचलला असता, एवढे निश्चित.

वाचकहो, हे चरित्र संपविताना एकच गोष्ट सांगावयाची आहे. गाडगेबाबांजवळ जे नव्हते त्याची यादी फार मोठी आहे. विद्या नव्हती, पैसा नव्हता, उच्च मानलेली जात नव्हती, अधिकार नव्हता, पाठीशी कोणी बडे कुळ नव्हते. आपण चांगले काम का करीत नाही असे विचारले असता आपण जी जी कारणे पुढे करितो, ती सर्व कारणे त्यांच्यापाशी आपल्याहून अधिक होती. त्यांच्याजवळ खराटा होता, आणि तो आजही बाजारात थोड्या पैशांत मिळतो. सर्वांनीच घर सोडावे असे हे चरित्र सांगत नाही. कुंताबाईचे स्मरण ठेवणारा मनुष्य तसे सांगणारही नाही. घरी राहून, शेत सांभाळून, मुलांस जेवू घालून जेवढे करता येईल तेवढेच बहुतेकांच्या हाती असते, आणि गावास तेवढेच पुष्कळ असते.

गिरणेस महापूर आला तर भडगावातला कोणीही मनुष्य शेजाऱ्यास हात द्यावयास मागे राहणार नाही, ह्याविषयी आम्हांस शंका नाही. परंतु पूर वर्षानुवर्षे येत नाही. बाजार मात्र दर आठवड्यास भरतो, आणि बाजार उठल्यावर जो केरकचरा मागे राहतो तो कोणाच्या तरी दारापुढे जाऊन पडतो. पाणवठ्यावरची पायरी निखळलेली असते. गल्लीत एखादी विधवा अंगठा उमटविण्यापूर्वी कागद वाचून दाखविणारा कोणी भेटतो का, हे पाहत बसलेली असते. गुरांमागे जाणारा एखादा पोर शाळेच्या भिंतीवरून आत डोकावतो. ह्यांपैकी एक काम ज्यास आज दिसेल त्याने ते आजच करावे, कोणास न विचारता करावे, व झाल्यावर तेथे आपले नाव न ठेविता घरी यावे.